आरे-वारेच्या रस्त्यावर पारखलेला गॉगल

रत्नागिरीच्या बाजारपेठेतून घेतलेला हा पोलराइज्ड गॉगल मी दोन महिने सायकलवर आणि गाडीत, दोन्हीकडे वापरला आहे. सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेने ध्रुवित, म्हणजे त्याच एका दिशेत कंप पावणारा, असतो आणि ही काच नेमका तोच अडवते. त्यामुळे आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना डाव्या हाताच्या समुद्रावरून येणारी तिरीप जवळजवळ नाहीशी होते. मोबाइलचा पडदा मात्र काही कोनांतून काळा दिसतो. दुकानदार अधिक गडद काच सुचवत होता, पण ८ टक्क्यांहून कमी प्रकाश आत सोडणारी चौथ्या श्रेणीची काच वाहन चालवण्यास योग्य नसते, म्हणून मी तिसऱ्या श्रेणीची, यूव्ही ४०० (४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी) काच घेतली. उन्हात रंग बदलणाऱ्या काचेचा विचारही सोडला, कारण गाडीची पुढची काच अतिनील किरण बरेचसे अडवत असल्याने, त्याच किरणांनी गडद होणारी गॉगलची काच आत पुरेशी गडद होत नाही. चढावर वेग मंदावला की घामाच्या वाफेने काच धूसर होते, ही एक खरी तक्रार. मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडीच्या बोगद्यात शिरण्यापूर्वी गॉगल काढावाच लागतो.