तळघरातली सास्सिकाया

मिलानमध्ये आम्हाला सात वर्षं झाली. मुलगी झाली तेव्हा व्हिसा वेळेत न मिळाल्यामुळे आई येऊ शकली नाही. माझं बाळंतपण खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांनी, म्हणजे शेजारच्या इटालियन बाईंनी, केलं म्हटलं तरी चालेल. रोज गरम सूप घेऊन त्या दोन जिने चढून यायच्या. यंदा त्यांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. त्यांच्या यजमानांना एकदा तरी सास्सिकाया चाखायची होती, हे मला ठाऊक होतं.

ही तोस्कानातल्या (टस्कनीतल्या) बोल्गेरी गावाजवळच्या तेनुता सान ग्वीदो या मळ्याची वाइन. मारिओ इंचीसा देल्ला रोकेत्ता यांनी १९४०च्या दशकात तिथे कॅबर्ने सोव्हिन्यॉन या जातीच्या द्राक्षांची लागवड केली. सास्सिकाया म्हणजे दगडगोट्यांची जागा, जमीनच तशी आहे. बरीच वर्षं ही वाइन घरच्यांपुरतीच होती, १९६८ सालच्या द्राक्षांची पहिल्यांदा विक्रीला आली. मळा आजही त्याच घराण्याकडे आहे. २०१५ सालची वाइन तर एवढी गाजली की तिची बाटली मला कुठे ३०० युरोंच्या खाली दिसेना.

आणि एका ॲपवर एक जण तीच १४० युरोंना देत होता. "काकांचं रेस्तराँ बंद पडलं, तळघर रिकामं करतोय." मला ते पटलं, कारण कोरोनानंतर आमच्याच गल्लीतली दोन रेस्तराँ बंद पडली होती. पावती विचारली तर म्हणाला, काकांच्या कागदांत शोधून पाठवतो. स्टेशनबाहेर भेटलो, दोन बाटल्यांचे २८० युरो रोख दिले. लेबलवरचा निळ्या वर्तुळातला आठ टोकांचा सोनेरी तारा मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला.

जेवणाच्या टेबलावर आजोबांनी, म्हणजे सिन्योरांच्या यजमानांनी, स्वतः बूच काढलं आणि त्यांचा हात थांबला. ते बोटांत फिरवून त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं. बूच कोरं होतं. ना नाव, ना साल. काही न बोलता त्यांनी ते खिशात टाकलं आणि सगळ्यांचे ग्लास भरले. वाइन पातळ होती, गोडसर. त्यांनी पूर्ण ग्लास संपवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला अजून ते आठवलं की रडू येतं. खऱ्या बाटलीच्या बुचावर नाव आणि साल असतं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

मग वाचत बसले. ऑक्टोबर २०२०मध्ये फ्लॉरेन्सच्या आर्थिक गुन्हे पोलिसांनी, म्हणजे ग्वार्दिया दि फिनान्झाने, बनावट सास्सिकायाची एक टोळी पकडली होती. वाइन सिसिलीची, बाटल्या तुर्कस्तानच्या, लेबलं आणि लाकडी खोकी बल्गेरियाची. महिन्याला सुमारे ७०० खोकी, बाजारभावापेक्षा ७० टक्के स्वस्त. म्हणजे लेबल हुबेहूब असणं हा कसलाच पुरावा नाही, आणि मी नेमकं तेवढंच तपासलं होतं. बूच तर बाटली उघडल्यावरच दिसतं, तोवर पैसे गेलेले असतात. आधी पाहण्यासारखी गोष्ट एकच, बाटली कुठून आली त्याचा कागद. तो हातात आल्याशिवाय पैसे काढू नका. काका, तळघर, बंद पडलेलं हॉटेल असं काही कानावर आलं तर तिथूनच परत फिरा. आणि खरी बाटली प्यायलात तर रिकामी कुणाला देऊ नका, लेबल फाडून टाका. अशा रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा भरणारेही आहेत.

ॲपवरचं ते खातं आठवड्याभरात नाहीसं झालं. मी ग्वार्दिया दि फिनान्झाच्या ११७ या नंबरवर फोन केला, तक्रार लिहून दिली, न उघडलेली दुसरी बाटली आणि आजोबांकडचं बूच जमा केलं. पैसे परत मिळालेले नाहीत. नाताळच्या आत दुकानातून पावतीसकट एक बाटली घेणार आहे, साल कुठलंही असो.