संडे ग्रामर बॅच, ६ रविवार : सर भारी, नोट्स बेकार (साडेतीन स्टार)

क्लास शोधला होता मुलीसाठी आणि जाऊन बसले मीच. तिला यंदा आठवीची स्कॉलरशिप, पहिल्या रविवारी तिला सोडायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली मोठ्यांचीपण बॅच आहे, ६ रविवार, ९ ते ११, १८०० रुपये, फक्त पार्ट्स ऑफ स्पीच. मी पतसंस्थेत बॅक ऑफिसला, दिवसाला आठ-दहा मेल इंग्लिशमधून जातात आणि ‘काइंडली’ कुठे टाकायचं यावर दर वेळी पाच मिनिटं जातात, म्हटलं घालवूया १८००.

पहिले दोन रविवार नाउन, प्रोनाउन, व्हर्ब. शाळेत झालंय सगळं, चहा मात्र चांगला होता.

तिसऱ्या रविवारी ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, आलं आणि तिथून पैसे वसूल व्हायला लागले. नोट्समध्ये ठळक चौकटीत छापलंय, शेवटी एलवाय असेल तर ॲडव्हर्ब. वर्कशीटमध्ये ॲडव्हर्बखाली रेघ मारा म्हटल्यावर सगळ्यांनी ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’खाली मारल्या, एका काकांनी ‘फॅमिली’लापण मारली, आणि नोट्सप्रमाणे ते बरोबरच होते की! सर हसले आणि म्हणाले ती चौकट खोडा आधी. मग त्यांनी जे सांगितलं ते मला शाळेत कोणीच सांगितलं नव्हतं. एलवाय काढून बघा मागे काय उरतं. ‘स्लोली’मधून ‘स्लो’ उरतं, म्हणजे विशेषण, तर ते ॲडव्हर्ब. ‘फ्रेंडली’मधून ‘फ्रेंड’ उरतं, नाम, ‘कॉस्टली’मधून ‘कॉस्ट’, ‘कावर्डली’मधून ‘कावर्ड’, ही सगळी विशेषणं. अगदी जुन्या इंग्लिशमध्ये म्हणे ही दोन वेगळी शेपटं होती, एक ‘लीच’ आणि एक ‘लीचे’, घासून घासून दोन्हीचं ‘ली’ झालं म्हणून हा घोळ. बहुतेक वेळा चालतं हे, सगळीकडे नाही, ‘डेली’, ‘वीकली’, ‘अर्ली’ दोन्हीकडे जातात, तिथे वाक्यातच बघावं लागतं, ‘डेली पेपर’सारखं पेपरबद्दल सांगतंय की ‘कम्स डेली’सारखं येण्याबद्दल.

आणि उलटं पण आहे, ‘ही रन्स फास्ट’, ‘शी वर्क्स हार्ड’, शेपूट नाही तरी ॲडव्हर्ब. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. हे ऐकल्यावर मला दोन वर्षांपूर्वीचं सेल्फ अप्रेझल आठवलं, त्यात मी मोठ्या अभिमानाने ‘आय हॅव वर्क्ड हार्डली धिस इयर’ लिहिलं होतं आणि साहेबांनी त्यावर सही पण केली होती. इन्क्रिमेंट का आलं नाही ते आत्ता कळलं 😅

चौथा रविवार सगळ्यात भारी. ‘शी लुक्ड अँग्री’ आणि ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट मी’, एकात ती रागावलेली दिसली, दुसऱ्यात तिने माझ्याकडे रागाने बघितलं. ओळखायचं कसं, तर ‘लुक्ड’ काढून ‘वॉज’ घाला, वाक्य उभं राहिलं तर विशेषणच हवं. ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘फील’, ‘साउंड’ सगळ्यांना हीच चाचणी. म्हणून ‘द वडा टेस्ट्स गुड’ पण ‘शी कुक्स वेल’. आता आपण मराठी माणसं इथेच का आपटतो हे सरांनी नाही सांगितलं, मला परत येताना लोकलमध्ये सुचलं. आपल्याकडे छान मुलगी आणि छान गाते, एकच ‘छान’. त्यात ‘तो चांगला गातो’ आणि ‘ती चांगली गाते’, म्हणजे सांगतोय गाण्याबद्दल आणि शब्द वाकतोय गाणाऱ्याकडे बघून! मग ‘शी सिंग्ज गुड’ तोंडात येणारच ना.

पाचव्या रविवारी प्रिपोझिशन की ॲडव्हर्ब. ‘ही फेल डाउन’ यात ‘डाउन’ एकटं आहे, ॲडव्हर्ब, आणि ‘ही वॉक्ड डाउन द हिल’ यात त्याच्यामागे ‘हिल’ आहे, प्रिपोझिशन. निम्म्या वर्गाला कळेना. घरी मुलीला सांगितलं तर म्हणाली अगं आई हे तर आमच्या मराठीतच आहे, ‘तो खाली बसला’ क्रियाविशेषण, ‘तो झाडाखाली बसला’ शब्दयोगी. झालं, संपला विषय! ‘बिफोर’ तर तीन कामं करतं, ‘सीन हिम बिफोर’, ‘बिफोर लंच’, ‘बिफोर ही केम’. म्हणजे शब्दाची जात कपाळावर लिहिलेली नसतेच, त्या वाक्यात तो काय काम करतोय ते बघायचं. ‘गो टू होम’ का चुकतं ते पण तेव्हाच कळलं, तिथलं ‘होम’ म्हणजे आपलं ‘घरी’, ‘ला’ची गरजच नाही.

आता तक्रारी. १५ जणांची बॅच सांगून ३२ जण कोंबले, मागच्या बाकावर फळा दिसत नाही. रेकॉर्डिंग ॲपवर टाकू म्हणाले, पहिले दोनच लेक्चर टाकलेत, तेसुद्धा नाउन-प्रोनाउनचे. उत्तरपत्रिकेत ‘अ डेली पेपर’मधल्या ‘डेली’ला ॲडव्हर्ब दिलंय, सरांनी माझ्या कॉपीवर पेनाने दुरुस्त केलं, बाकी ३१ जणांचं देव जाणे. आणि शेवटच्या रविवारी सर आलेच नाहीत, एक मुलगा पाठवला, त्याने उभं राहून नोट्स वाचल्या आणि पुन्हा तीच चौकट, एलवाय म्हणजे ॲडव्हर्ब. फॅमिलीवाल्या काकांनी हात वर करून ‘मग फॅमिली काय?’ विचारलं तर तो म्हणे एक्सेप्शन आहे. काउंटरवर बोलले तर ‘मॅडम, पुढच्या बॅचला येऊन बसा’. ६ चे पैसे आणि ५ रविवार, त्याचा दीड स्टार कापलाय.

‘काइंडली’चं शेवटच्या रविवारी विचारणार होते ते राहिलंच. नंतर सर जिन्यात भेटले, त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, ‘काइंडली सेंड’मध्ये ॲडव्हर्ब, ‘अ काइंडली ओल्ड मॅन’मध्ये विशेषण, आणि मेलमध्ये सरळ ‘प्लीज’ लिहा.

पावती फाडायच्या आधी सहाही रविवार सर स्वतः घेणार का ते विचारून घ्या, पुढच्या दोन रांगांत बसा आणि गाडी आणू नका, बिल्डिंगखाली जागा नाही.