शाळेच्या कामाला पैसा: सीएसआर मागावा की वर्गणी काढावी?

जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचनालय उभं करायचंय, किंवा गावातल्या तरुण मंडळाला अभ्यासिका सुरू करायची आहे. काम दीड-दोन लाखांपासून चार-पाच लाखांपर्यंतचं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झालाय, शाळा विकास आराखड्यातही काम घातलंय, आता अडलंय ते पैशापाशी. इथवर येऊन थांबलेल्यांसाठी हे लिहितोय. अशा वेळी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच वाटा असतात: कंपनीचा सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा निधी), नाहीतर गावाची आणि माजी विद्यार्थ्यांची वर्गणी. निवड मलाही करावी लागली आणि माझा कल एका बाजूला झुकला. दुसरी वाट वाईट आहे असं मात्र म्हणणार नाही.

सरकारी अनुदानाबद्दल दोन ओळी पुरेत. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: निकषाप्रमाणे १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये, २५१ ते १,००० पटाला ७५,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. उरलेलं वीजबिल, खडू-रजिस्टरं आणि किरकोळ दुरुस्तीत संपतं, त्यामुळे नवीन काम त्याच्या भरवशावर काढू नये. पिण्याचं पाणी किंवा स्वच्छतागृहाचं काम असेल तर मात्र आधी ग्रामपंचायतीकडे जा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा याच कामांसाठी असतो, फक्त ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेलं हवं. त्यासाठी कंपनीच्या दारात जाऊन वेळ घालवू नका.

आता सीएसआर. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. अर्ज करणाऱ्याने आधी ठरवायचं असतं ते वेगळंच: पैसे कोणाच्या खात्यात येणार? कंपनी स्वतः खरेदी करून वस्तू शाळेला देणार असेल तर शाळेला फारशी कागदपत्रं लागत नाहीत. शाळेचं मागणीपत्र, समितीचा ठराव, आणि इमारतीला हात लागणार असेल तर जिल्हा परिषदेची लेखी परवानगी, एवढ्यावर भागतं. पण पैसे तुमच्या संस्थेमार्फत खर्च व्हायचे असतील तर नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी, १२ए आणि ८०जी या आयकर खात्याकडच्या नोंदण्या, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हे सगळं लागतं. सीएसआर-१ चा फॉर्म सीए किंवा कंपनी सेक्रेटरीने प्रमाणित करावा लागतो. गेल्या वर्षी स्थापन झालेलं मंडळ इथेच गळतं, मग प्रस्ताव कितीही चांगला असो. अशा मंडळाने एखाद्या जुन्या संस्थेला सोबत घ्यावं, पण कोण काय करणार आणि हिशेब कोण ठेवणार हे आधीच कागदावर आणावं. नंतर तोंडी ठरवायला गेलं की कटुता येते.

अंदाजपत्रकात दोन चुका वारंवार दिसतात. पहिली जीएसटीची. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण लोखंडी कपाटांवर १८ टक्के आहे. कोटेशनवर बारीक अक्षरात 'कर वेगळा' लिहिलेलं असतं. अर्जात दीड लाखाची कपाटं मागितली तर बिल येतं १,७७,००० चं, आणि वरचे २७,००० मागायला परत जाता येत नाही. दुसरी चूक म्हणजे चालवण्याचा खर्च न धरणं. अभ्यासिकेला वीज, सफाई, कुलूप-किल्ली सांभाळणारं माणूस, ट्यूबलाइट आणि पंख्याची दुरुस्ती हे दर महिन्याला लागतं. माझ्या पाहण्यात बहुतेक कंपन्या वस्तूंना हो म्हणतात आणि मानधनाच्या ओळीवर काट मारतात. तरी ती ओळ लिहाच. लिहिली नाही तर विचारही होत नाही.

इथवरचं सगळं शिकून घेता येतं. माझा कल फिरवला तो कॅलेंडरने.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, कंपनीचं १ एप्रिलला. कंपनीचे हिशेब मंजूर होईपर्यंत पहिले काही महिने जातात. मग कंपनीच्या सीएसआर समितीची बैठक, तुमच्या संस्थेची छाननी, करारनामा, त्यावरच्या दोन्हीकडच्या सह्या. नवीन संस्थेच्या हातात पहिला हप्ता पडेपर्यंत बहुतेकदा डिसेंबर-जानेवारी उजाडतो, कधी फेब्रुवारीही. त्याच पत्रात लिहिलेलं असतं की ३१ मार्चपर्यंत खर्च पूर्ण करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा. कंपनीने हे आडमुठेपणाने लिहिलेलं नसतं. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं धरलं जात नाही, ते प्रत्यक्ष वापरले गेले पाहिजेत आणि तसं कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. वर्षात न वापरलेली रक्कम, प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून नोंदलेला नसेल तर, सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या कायद्यात नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. म्हणून फेब्रुवारीत त्यांचे फोन वाढतात. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

पण शाळेत तेव्हा काय चाललेलं असतं? दहावी-बारावीच्या परीक्षा, शिक्षक पर्यवेक्षणाला, प्राथमिकला वार्षिक मूल्यमापनाची तयारी. अभ्यासिकेच्या मुलांना मान वर करायला वेळ नसतो. अशा सहा-सात आठवड्यांत तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, समितीचा ठराव, खरेदी, जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत नोंद, फोटो आणि सीएचं प्रमाणपत्र एवढं उरकायचं असतं. होतं सगळं. पण कसं होतं ते पुस्तकांच्या कपाटात दिसतं. मुलांना विचारायला, पुस्तकं चाळून बघायला वेळ नसतो, म्हणून विक्रेत्याकडचा तयार संच उचलला जातो. त्यात एकाच थोर पुरुषाची तीन चरित्रं, जाड पुठ्ठ्याचे कोश, बारीक टायपातले बोधकथांचे खंड. संख्या भरते, फोटो छान येतो. पुढच्या जूनमध्ये कपाट उघडलं की पुस्तकांच्या कडा कोऱ्याच असतात. मुलं मात्र जुनी, फाटलेली पाच-सहा चित्रांची पुस्तकंच आलटूनपालटून वाचत बसलेली. ही एकच गोष्ट मला सलत राहिली. पैसा आला, खर्चही नियमाने झाला आणि वाचनालय मात्र झालं नाही.

याला तोड आहे, पण ती आधी मागावी लागते. प्रस्ताव देतानाच काम दोन किंवा तीन वर्षांचं दाखवा आणि कंपनीला तो 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करायला सांगा. मग वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर वापरता येते. करारावर सह्या झाल्यावर हे सुचवून उपयोग नाही. पाच लाखांच्या आतल्या कामासाठी एवढा खटाटोप करायला कंपन्या सहसा राजी नसतात, हेही सांगायला हवं.

आता वर्गणी. तिच्यात कष्ट आहेत, आणि ते वरवरचे नाहीत. ग्रामसभेत किंवा १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला माइकवरून आकडे सांगितले जातात, टाळ्या पडतात. सांगितलेला आकडा आणि जमा झालेला आकडा यांत नेहमी अंतर असतं. म्हणून अंदाजपत्रक सांगितलेल्या आकड्यावर बांधू नका, बँकेत जमा झालेल्यावरच बांधा. पावतीपुस्तकं छापील क्रमांकाची घ्या, कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं त्याची सही घ्या, आणि मोहीम संपली की कोऱ्या पावत्यांसकट परत घ्या. एक पुस्तक हरवलं तर पुढची पाच वर्षं गाव त्याचीच चर्चा करतं. खातं शाळेच्या अनुदानाच्या खात्यापासून वेगळं हवं, दोन सह्यांचं, त्यातली एक पालक सदस्याची. मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही घेऊ नका. माणूस कितीही सचोटीचा असला तरी बदली होते, आणि मग मागे हिशेबाऐवजी संशय उरतो.

मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणी काढण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी प्रमाणे परवानगी घ्या. गणेश मंडळांची पोरं ती दरवर्षी काढतात, त्यांना विचारलं तर वाट सापडते. मोठ्या देणगीदाराला करसवलत हवी असेल तर ८०जी असलेल्या ट्रस्टमार्फतच घ्यावं लागेल. रोख २,००० रुपयांच्या वर गेली की सवलत मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्याला या सवलतीचा उपयोग नाही. हे पावती फाडण्याआधीच सांगितलेलं बरं.

गावाचा पैसा कुठे असतो हेही माहीत हवं. दारोदार फिरण्याने सर्वांत कमी जमतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या नाचाला पडणाऱ्या पन्नास-शंभरच्या बक्षिसांची रक्कम बऱ्याच गावांत भरघोस होते. ती त्याच रात्री, स्टेजवरच मोजून जाहीर करा. यात्रा कमिटीकडे शिल्लक असते, ती पुढच्या यात्रेची बोलणी सुरू होण्याआधी मागावी लागते. माजी विद्यार्थ्यांना 'शाळेसाठी मदत करा' असं मोघम सांगितलं तर व्हॉट्सॲपवर हात जोडलेले इमोजी येतात. 'दहावीच्या तुमच्या तुकडीने एक कपाट द्यावं, कपाटावर तुकडीचं वर्ष लिहू' असं सांगितलं तर तुकड्यांमध्ये चढाओढ लागते. पैसे देऊ न शकणाऱ्यांकडून वस्तू आणि श्रम घ्या: सुताराचे दोन दिवस, इलेक्ट्रिशियनचं वायरिंग, कोणाकडची वाळू, कोणाकडचा रंग. त्याचीही बाजारभावाने किंमत लिहून वहीत नोंद करा. बाहेरगावच्या लोकांना वस्तू द्यायची असेल तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेची गरज टाकता येते. तिथे रोख चालत नाही, वस्तू आणि सेवा चालतात.

वर्गणीचा खरा दोष वेगळाच आहे. देणगीदारांच्या पाटीवर कोणाचं नाव वर, कोणाचं खाली यावरून काम अडू शकतं. निवडणुकीचं वर्ष असेल तर जास्तच. नावं आडनावाच्या अकारविल्हे लिहायची, आकडे पाटीवर घालायचे नाहीत, हा ठराव पहिला रुपया येण्याआधी करून ठेवला तर बरीच भांडणं टळतात, सगळी नाही. आणि दोन-अडीच लाखांच्या पुढे लहान गावाचा दम संपतो, असा माझा अनुभव आहे. त्याच गावात पुढच्याच वर्षी पुन्हा हात पसरता येत नाही.

तरीही पारडं वर्गणीकडे झुकतं, कारण हा पैसा शाळेच्या वेळेला येतो. जुलैत तीस हजार जमले तर तीस हजारांचीच पुस्तकं आणायची. मुलं घरी काय नेतात, कोणती पानं हाताळून मळतात, कोणत्या पुस्तकासाठी नाव लावून ठेवतात, हे देवघेवीच्या वहीत दोन महिन्यांत दिसतं. दिवाळीनंतरची खरेदी त्या वहीवरून करायची. कपाटं कमी पडली तर तेव्हा घ्यायची. ३१ मार्च आपल्या मानगुटीवर बसत नाही. आणि ज्याने पाचशे रुपये दिलेत तो बापू शाळेवरून जाताना खिडकीतून डोकावून विचारतो, 'पोरं वाचतात का रे?' कंपनीच्या पाहणीतही हा प्रश्न असतो, पण तो वर्षातून एकदाच येतो.

म्हणून पाच लाखांच्या आतलं, पुस्तकं-कपाटं-अभ्यासिका असं हळूहळू वाढवता येणारं काम असेल तर मी वर्गणीने सुरू करायला सांगेन. वर्गखोली, सौर पॅनेल, संगणक कक्ष असं एकरकमी आणि मोठं काम असेल तर सीएसआरला पर्याय नाही. तिथे वर्गणीच्या मागे लागून गावाला दमवू नये. या दोन्हींच्या मधलं काम असेल तर क्रम महत्त्वाचा: आधी वर्गणी, मग कंपनी. वर्षभराची देवघेवीची वही, बँकेचं स्टेटमेंट आणि गावाने घातलेल्या पैशाचा व श्रमाचा हिशेब अर्जाला जोडला की सीएसआर पाहणारी व्यक्ती तो अर्ज वेगळ्या नजरेने वाचते, कारण उद्या पैसे संपल्यावर हे काम कोण चालवणार याचं उत्तर तिला तिथेच मिळतं.

यंदा सुरुवात करणार असाल तर जूनमध्ये ठराव, खातं आणि पावतीपुस्तकं, १५ ऑगस्टला आवाहन, दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थी गावात असताना तुकडीवार बैठका, आणि स्नेहसंमेलनाच्या रात्री जाहीर हिशेब. कंपनीचा अर्ज लिहायचाच असेल तर तो पुढच्या मार्चमध्ये तयार ठेवा आणि एप्रिलमध्ये द्या. ऑक्टोबरमध्ये दिलेला अर्ज मंजूर झाला, तर पैसे नेमके परीक्षेच्या तोंडावर येतील.