उसाच्या खेपांसाठी ट्रॅक्टर आणि जोड-ट्रॉली : ओढतो किती, त्याआधी थांबतो कसा?

गळीत हंगामासाठी ट्रॅक्टर घ्यायला शोरूममध्ये गेलं की बोलणं एचपीवरच अडतं. पण हिशोब मांडून बघा. रिकामी चारचाकी ट्रॉली दोनेक टनांची, तिच्यात आठ-दहा टन ऊस, आणि अशा दोन. दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरमागे वीस टनांच्या वर ओझं जातं आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. चढाला दम लागला तर खालचा गिअर टाकता येतो. उतारावर ट्रॉल्या ढकलायला लागल्या की ड्रायव्हरच्या हातात फार काही राहत नाही. त्यामुळे या धंद्यासाठी ट्रॅक्टर निवडताना ब्रेक, वजन आणि हुक आधी बघायचे, ताकद नंतर.

दोन ट्रॉल्यांच्या जोडीसाठी 45 एचपीचा ट्रॅक्टर अपुरा पडतो. सपाट डांबरीवर तो चालतो, पण ओल्या काळ्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना चाकं जागेवर फिरतात आणि क्लच प्लेट जळते. 50 ते 55 एचपी आणि मागे 16.9-28 चे टायर, हे माप बरोबर बसतं. जॉन डिअर 5310 आणि न्यू हॉलंड 3630 हे दोन्ही मॉडेलप्रमाणे 50-55 एचपीच्या आसपासचे, तीन सिलिंडरचे आणि ऑइल ब्रेकचे, म्हणजे ब्रेकच्या प्लेटा तेलात बुडालेल्या. या कामाला दोन्ही पुरे पडतात. त्यांतला कोणता, हे तुमच्या तालुक्यात कुणाचा मेकॅनिक रात्री दहाला रानात येतो त्यावर ठरवा. स्वराज 855 कमी आरपीएमवर दमदार ओढतो आणि गावातल्या गॅरेजातही उघडता येतो, पण जुना घेत असाल तर ब्रेक कोरडे आहेत का ते पाहा. कोरड्या प्लेटांवर धूळ बसते, एक्सलचं सील गळलं की तेल चढतं, आणि लांबच्या उतारावर तापून त्या धरेनाशा होतात.

चारचाकी ट्रॉलीचं वजन हुकावर जवळजवळ येत नाही, ते तिच्याच चाकांवर राहतं. त्यामुळे मागच्या चाकांना पकड मिळते ती ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनातून. मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरा, पुढे वजनाच्या प्लेटा लावा. हुक मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खालीच हवा. वर घेतला तर चढावर पुढची चाकं उचलतात. रस्त्यावर डाव्या आणि उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडलं लॉकनं एकत्र जोडलेली असलीच पाहिजेत, नाहीतर एकच चाक धरतं आणि गाडी आडवी होते. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा.

आता ट्रॉली. जुन्या ट्रॉलीवर नवा रंग दिसला की सावध व्हा. पुढचं टर्न टेबल (पुढची चाकं वळवणारं गोल कडं) चॅसीला जिथे बसतं, त्या आडव्या चॅनलच्या वेल्डिंगवरून बोट फिरवा. रंगाखाली उंच-सखल लागलं, तर तिथे तडा जाऊन पुन्हा वेल्ड केलंय असं धरून चाला. हातोडीनं ठोका, सलग चॅनल खणखणतं, तुटकं बद्द वाजतं. मग जॅक लावून चाक वर-खाली हलवा. खटखट झाली तर हबचं बेअरिंग गेलंय. ड्रॉबारच्या (ट्रॉली ओढायच्या दांड्याच्या) डोळ्याचं, म्हणजे पिन बसते ते भोक गोल राहिलंय की लांबट झालंय, तेही पाहा. मागची ट्रॉली रस्त्यावर शेपटासारखी हलते, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं: झिजलेली पिन, ढिलं टर्न टेबल, दोन्ही बाजूंना वेगळी हवा, किंवा सगळा भार मागे रचलेला. पिनला क्लिप आणि सोबत सेफ्टी साखळी हवीच. दोन ट्रॉल्या लहान-मोठ्या असतील तर मोठी पुढे.

टायर 9.00-16 चे बरे. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर रबराचा नवा पट्टा चढवलेले, हंगामाच्या सुरुवातीला स्वस्त वाटतात, पण हवा कमी, ओझं जास्त आणि दुपारचं डांबर एकत्र आलं की पट्टा सुटतो. रानात वेगळा धोका असतो. कोयत्यानं तिरकी तुटलेली खोडकी खिळ्यासारखी टोकदार असते आणि टायरच्या बाजूच्या पातळ भागात घुसते. भरलेली ट्रॉली सरीवरून आडवी वळवू नका.

नवी ट्रॉली बांधायला टाकण्याआधी कारखान्याच्या ऊस यार्डात जाऊन या. भरण्यापूर्वी तळाला वायर रोप अंथरतात आणि क्रेन त्याच रोपनं ऊस एका बाजूला ओढून घेते. त्या बाजूचे खुंटे कसे हवेत, उंची-लांबी किती चालते, हे प्रत्येक यार्डाचं वेगळं असतं. हार्वेस्टरचा तुकडा ऊस आणणार असाल तर जाळीची पेटी लागते, तिथे ही ट्रॉली कामाची नाही. अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे गेलं तर ट्रकच परवडतो.

कागदांचं थोडक्यात: ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते. दुसऱ्याचा ऊस भाड्यानं वाहायचा तर ती व्यावसायिक नोंदवा, नुसती शेतीसाठी नाही. अपघात झाला की विमा कंपनी आरसीवरचं वजन आणि वापर हेच आधी बघते, म्हणून आरसीवरच्या वजनापलीकडे ट्रॉली भरू नका. कर्जाचा हप्ता सहामाही मागा आणि पहिला हप्ता ऊसबिलं जमा झाल्यानंतरच येईल अशी तारीख बँकेकडून लिहून घ्या. मागच्या ट्रॉलीला, रिकामी असतानाही, दोन्ही कोपऱ्यांवर लाल रिफ्लेक्टर हवेत. ऊस बाहेर लोंबून ते झाकले जातात, म्हणून यार्डाकडे निघण्यापूर्वी उतरून एकदा मागे जाऊन बघा.