बोलणी की कारवाई? आधी दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते विचारा

माझा भाचा इथेच ग्वाल्हेरला लॉ कॉलेजात शिकतो. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात एक सराव-बैठक आहे. विमान पळवलंय, आत दीडशे माणसं आहेत आणि टेबलाभोवती सरकारचे सल्लागार बसलेत, असा प्रसंग. अर्ध्यांनी वाटाघाटींची बाजू मांडायची, अर्ध्यांनी कमांडो कारवाईची. बाजू निवडायला रविवारपर्यंत मुदत. "मामा, तुम्ही असल्या बैठकीत बसलायत ना? कुठली घेऊ?" फोनवर अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून हे लिहून काढतोय. त्याच्यासारखं आणखी कुणी कुंपणावर बसलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी माझी पायरी सांगून टाकतो. मी मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसलेलो नाही. नायब तहसीलदार म्हणून नोकरीला लागलो आणि महसूल खात्यातच केस पिकले. राहायला लष्करात. फौजेतल्या नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, चिटणीसांच्या गोठीजवळ. ओलीस हा शब्द आमच्या मुलखात पुस्तकी वाटतो. चंबळच्या खोऱ्यात पळवून नेलेल्या माणसाला 'पकड' म्हणतात. दोन पकड घेऊन गेले, अमक्याची पकड सुटली. आम्ही लहान असताना बाड्यावरच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या मुख्य बाजारातल्या, दुकानांत कुणाची पकड कितीला सुटली याची चर्चा गव्हाच्या भावासारखी चालायची. घरचे लोक पोलिसांना न सांगता मध्यस्थ गाठायचे आणि पोलिसांना चकमक हवी असायची. म्हणजे भाच्याच्या बैठकीतला वाद आमच्याकडे घरोघरी झालेला आहे.

कारवाईच्या बाजूची पुण्याई मोठी आहे, ते नाकारायचं कारण नाही. एप्रिल १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून काबूलला न्यायचा प्रयत्न झाला. लाहोरनं उतरू दिलं नाही, विमान अमृतसरला आलं. रात्री एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या कमांडो दलाचे, जवान आत शिरले, काही मिनिटांत अपहरणकर्ता संपला आणि प्रवासी सुखरूप बाहेर आले. कुणाला सोडावं लागलं नाही, पुढच्या अपहरणकर्त्याला धडा मिळाला तो वेगळाच. बोलणाऱ्यांच्या खात्यात इतकी स्वच्छ नोंद सापडत नाही. त्यांच्या खात्यात १९८९ ची रुबैया सईद आहे, काश्मिरात पळवलेली तेव्हाच्या गृहमंत्र्यांची मुलगी, जिच्या बदल्यात पाच अतिरेकी सोडले. डिसेंबर १९९९ मध्ये पळवून कंदाहारला नेलेलं विमानही त्यांच्याच खात्यात. तिथे आपल्या लोकांनी छत्तीस कैद्यांची मागणी घासाघीस करत तिघांवर आणली, वाटाघाटी म्हणून ते काम वाईट नव्हतं. पण त्या तिघांत मसूद अझहर होता आणि त्यानं पुढे जैश-ए-मोहम्मद उभी केली हे सगळ्यांना माहीत आहे. भाचा बोलण्यांच्या बाजूनं उभा राहिला तर पहिल्या पाच मिनिटांत हे नाव त्याच्या तोंडावर फेकलं जाईल. तयारी ठेवावी.

मात्र त्याच कंदाहार प्रकरणात विमान आधी अमृतसरला पाऊण तासाच्या आसपास उभं होतं. सहा वर्षांपूर्वी जिथे कारवाई यशस्वी झाली, तेच विमानतळ. त्या पाऊण तासात धड बोलणीही झाली नाहीत आणि धड कारवाईही. एनएसजी पोचली नव्हती, दिल्लीत बैठक चालू होती आणि विमान उडून गेलं. बैठकांमध्ये एक तिसरा पक्ष नेहमी बसलेला असतो, तो "वरून विचारून सांगतो" म्हणतो. त्याची बाजू कुठल्याच स्पर्धेत मांडायला देत नाहीत, पण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळा तोच जिंकतो. असो.

आता माझा कल कुठे आणि का झुकला ते सांगतो. मोठ्या गोष्टींवरून तो झुकला नाही, एका दारावरून झुकला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या तहसिलीतल्या एका गावात ट्रान्सफॉर्मर जळून महिना उलटला होता. गव्हाला शेवटचं पाणी हवं होतं. वसुलीला गेलेला ज्युनिअर इंजिनिअर, एक लाइनमन आणि आमचा पटवारी (तुमचा तलाठी) अशा तिघांना गावकऱ्यांनी पंचायतीच्या जुन्या खोलीत कोंडलं. आमच्याकडे घराघरांत लायसन्सची बारा बोर असते, त्यामुळे दारावर बसलेल्या दोघांच्या मांडीवर दुनाळी होती. संध्याकाळी रेस्ट हाउसवर बैठक बसली. एसडीएम साहेब, पोलिसांचे एसडीओपी आणि ठाण्याचे टीआय, वीज मंडळाचे एक अधिकारी, आणि कोपऱ्यात मी. एसएएफची, म्हणजे राज्याच्या सशस्त्र पोलिसांची, तुकडी तासाभरात येणार होती. योजना अशी की पहाटे पुढून आवाज करायचा आणि मागच्या दारानं आत शिरायचं.

तोवर मी कारवाईच्याच बाजूचा होतो. वय कमी होतं आणि कोंडलेला पटवारी माझा होता. मी फक्त सहज विचारलं, मागचं दार आत उघडतं की बाहेर? कडी कुठल्या बाजूला आहे? बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकानं सांगितलं, आत उघडत असेल. दुसरा म्हणाला, लाथेनं कुठलंही दार उघडतं. भिंतीवर बंदोबस्ताचा नकाशा होता, त्यात गाडी कुठे उभी राहील, ॲम्ब्युलन्स कुठे थांबेल, सगळं होतं. दाराच्या जागी लाल पेन्सिलीनं एक फुली.

मला तेव्हा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. कारवाईवाल्यांचा आवाज बैठकीत मोठा असतो, चेहरा करारी असतो, वेळापत्रक मिनिटांचं असतं. पण ज्या एका गोष्टीवर आतल्या माणसांचा जीव टांगलेला असतो तीच कुणी बघून आलेलं नसतं.

मध्ये वेळ काढायला म्हणून गावाशी बोलणं सुरू ठेवलं होतं. त्या बोलण्यातून एवढंच निघालं की आतल्या लोकांना चहा पाठवायला हरकत नाही. कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, किटली घेऊन गेला आणि परत येऊन माझ्याजवळ उकिडवा बसला. "साहब, पीछे किवाड़ कहाँ है? वो तो कब का चुन दिया। उधर भूसा भरा है छत तक।" मागचं दार विटांनी बुजवून कित्येक वर्षं झाली होती. एसएएफचे जवान पहाटे चारला विटांच्या भिंतीला लाथा मारत बसले असते आणि पुढच्या बाजूला दोन दुनाळ्या.

तेव्हापासून जगातली अशी प्रकरणं मी याच एका प्रश्नावर तपासतो. ही मोजण्याची शास्त्रीय पद्धत नाही, कबूल. पण फसत नाही फारशी. म्युनिचला १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरणारे आठ अतिरेकी होते आणि विमानतळावर नेमबाज ठेवले पाच, कारण समोर किती जण आहेत हेच नीट ठाऊक नव्हतं. त्याच्या काही तास आधी इमारतीवर चढलेले पोलीस टीव्हीवर दिसत होते, आणि टीव्ही अतिरेक्यांच्या खोल्यांमध्येही होता. अकरा खेळाडू-प्रशिक्षक गेले. याउलट १९८० मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीत सहा दिवस बोलणी चालली. तेवढ्यात एसएएसनं, म्हणजे ब्रिटिश कमांडोंनी, इमारतीच्या देखभाल करणाऱ्या माणसाला गाठलं. त्यानं सांगितलं की पुढचं दार पोलादानं मजबूत केलंय आणि खालच्या मजल्यांच्या काचा चिलखती आहेत. आधीची योजना गुंडाळून नवी करावी लागली. तिथला तो माणूस म्हणजे आमचा कोटवारच की.

युगांडातल्या एन्टेबीला नेलेल्या विमानातले ओलीस इस्रायली कमांडोंनी सोडवले, कारवाईवाले त्याचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. घेऊ दे. पण १९७६ च्या त्या आठवड्यात १ जुलैला इस्रायलच्या मंत्रिमंडळानं आधी वाटाघाटींचाच निर्णय घेतला होता. पंतप्रधान राबिन त्या बाजूचे, संरक्षणमंत्री पेरेस कारवाईच्या. बोलण्यांमुळे मुदत ४ जुलैपर्यंत पुढे गेली. दरम्यान सोडलेले प्रवासी पॅरिसला पोचले आणि त्यांच्याकडून आत कोण कुठे बसलंय ते कळलं. विमानतळाची ती इमारत बांधण्यात इस्रायली कंपनी होती, तिच्याकडून आराखडे मिळाले. मग विमानं उडाली. पेरूच्या लिमामधल्या जपानी राजदूताच्या घरात ओलीस धरले तेव्हा तर १२६ दिवस गेले. आत माइक पोचले, खालून बोगदे खणले आणि खणण्याचा आवाज लपवायला बाहेर लष्करी संगीत मोठ्यानं वाजवलं. एप्रिल १९९७ मध्ये बहात्तर ओलिसांपैकी एकाहत्तर वाचले. हे यश कारवाईचं आहेच, पण बोलण्यांनी चार महिने उसने आणून दिले नसते तर बोगदा खणला कधी असता?

आणि सल्लागारांच्या भांडणाचा नमुना हवा असेल तर १९८० चं वॉशिंग्टन. इराणमध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतले लोक ओलीस होते. राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की कारवाईच्या बाजूचे, परराष्ट्रमंत्री व्हान्स विरोधात. व्हान्स सुट्टीवर गेले असताना बैठक झाली आणि कारवाईचं ठरलं! ते परत येऊन विरोध नोंदवून राजीनामा देते झाले. आठ हेलिकॉप्टरं निघाली, वाळवंटात कामाची पाचच उरली, परत फिरताना टक्कर होऊन आठ सैनिक गेले. बावन्न ओलीस ४४४ व्या दिवशी सुटले ते बोलून. भाच्याला मी एवढंच सांगितलं, तुझ्या बैठकीत कोण सुट्टीवर आहे ते आधी बघ.

बोलण्यांचीही एक कटकट आहे आणि ती मी भोगलेली आहे, म्हणून लपवत नाही. आमच्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या दिवशी दुपारी सुटले. मधुमेहाचा पटवारी तर रात्रीच सोडला, त्याच्या गोळ्यांचं सांगितल्यावर. ट्रान्सफॉर्मर तिसऱ्या दिवशी लागला. पण गावाला शब्द दिला होता की गुन्हा दाखल होणार नाही, आणि आठवड्याभरात तो झाला. कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून, त्यात जात नाही. शब्द माझ्या तोंडून गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावी गेलो तर दारात खाट टाकली नाही कुणी, पाणी विचारलं नाही. कारवाईचा हिशोब त्याच पहाटे मिटतो, बोलण्यांचा वर्षानुवर्षं उघडा राहतो. मसूद अझहर हा त्याच हिशोबाचा सगळ्यात भयंकर आकडा.

म्हणून बोलणारा माणूस कोण, यावर फार अवलंबून असतं. २०१२ मध्ये छत्तीसगडमधल्या सुकम्याचे जिल्हाधिकारी ॲलेक्स पॉल मेनन यांना माओवाद्यांनी नेलं, दोन अंगरक्षकांना मारून. एप्रिलच्या २१ तारखेला नेलं, ३ मेला सुटले. माओवाद्यांनी मध्यस्थ म्हणून प्रा. हरगोपाल आणि ब्रह्मदेव शर्मा यांची नावं दिली होती. शर्मा एकेकाळी बस्तरचेच कलेक्टर, शेवटी ग्वाल्हेरला असायचे, २०१५ मध्ये इथेच गेले. सरकारकडून दोघे होते, त्यांत निर्मला बुच, आपल्या मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव. चौघांनी बसून कैद्यांच्या खटल्यांचा आढावा घेणारी समिती ठरवली. यात कुणाचा नेम चांगला होता हा प्रश्नच आला नाही. शर्मांना जंगल ठाऊक होतं आणि जंगलाला शर्मा.

२६/११ सारखं काही असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवावं. जे मारायलाच आले होते त्यांच्याशी बोलून किती वाचले असते याबद्दल मला तरी फार आशा नाही. तिथे कमांडो लवकर पोचायला हवे होते. पुढे एनएसजीची केंद्रं मुंबईसह आणखी शहरांत निघाली ती यामुळेच. पण भाच्याच्या प्रसंगातले अपहरणकर्ते मागण्या करतायत, इंधन मागतायत. मागणारा माणूस थांबलेला असतो.

तर माझ्या मते बोलण्यांची बाजू घ्यावी. मार्क कमी पडतील कदाचित, परीक्षकांना करारी आवाज आवडतो. कारवाईचीच घ्यायची असेल तर निदान दाराचं विचारून मग बोलावं. हे फोनवर सांगत होतो तेव्हाच मी त्याला विचारलं, तुमची बैठक ज्या हॉलमध्ये आहे त्याचं मागचं दार कसं उघडतं? तीन वर्षं तिथे लेक्चरला बसतोय तो. गप्प राहिला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला, दाराला लावून कपाट ठेवलेलं, वर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. खाली लिहिलं होतं, "मामा, हे दार आहे हेच आज कळलं."