लेदर कोरल, तपकिरी जेली आणि शाहूपुरीतलं फिश टँकचं दुकान

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली आहे.

शाहूपुरीतल्या ह्या दुकानातनं मागच्या वर्षी लेदर कोरल (कोरल म्हणजे प्रवाळ) घेतला, मऊ असतो तो, छत्रीसारखा. (दगडी कोरल मागू नका, 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, दुकानवाले काका दारातनंच परत पाठवतात आणि बरोबरच करतात.) एप्रिलमध्ये दोन दिवस भर दुपारी लाईट गेलेली, टँकचं पाणी 30 डिग्रीला, तिसऱ्या दिवशी बघतोय तर कोरलच्या कडेला तपकिरी शेंबडासारखं कायतरी लोंबतंय आणि वास असा की आई म्हणाली अंडं फुटलंय का कुठं बघ.

मी अँटिबायोटिक ओतायच्याच तयारीत होतो, पण आधी काकांना फोटो टाकला तर लगेच फोनच आला. "थांब की जरा! फिल्टरमधले कामाचे बॅक्टेरियापण मरतील, अमोनिया वाढला की मासे बी जातील." मग फोनवरच सगळं करून घेतलं, पंप बंद कर, सिरिंजनं जेली ओढून घे, नाहीतर टँकभर पसरंल, सडलेलं ब्लेडनं काप, वेगळ्या भांड्यात आयोडीनच्या पाण्यात बुडव आणि पाण्यावर टेबल फॅन लाव. संध्याकाळपर्यंत 27 च्या खाली आलं. फॅननं पाणी उडतं पण मीठ तिथंच राहतं, म्हणून रोज आरओचं पाणी वाढवायचं, हे मला माहीतच नव्हतं.

नंतर दुकानात गेलो तर चहा मागवून व्हिब्रिओ कोरलीलिटिकसची अख्खी कुंडली सांगितली. झांजिबारकडच्या कोरलमधे सापडलेला जंतू, पाणी 22 च्या खाली असलं की गप, 27 च्या वर गेलं की एन्झाइम सोडून कोरलचं मांसच विरघळवतो. माझ्याकडं तोच होता असं नाही हं, तपकिरी जेलीत बॅक्टेरियाबरोबर सिलिएट म्हणजे एकपेशी सूक्ष्मजीव पण असतात, पण उन्हाळ्यात थर्मामीटर का बघायचा ते डोक्यात बसलं. फ्लोरिडात तर माणसांच्या सांडपाण्यातनं आलेल्या सेराशिया मार्सेसेन्स नावाच्या बॅक्टेरियानं कोरलवर पांढरे चट्टे पडलेले, ते ऐकल्यापासनं मी टँकमधे हात घालायच्या आधी कोपरापर्यंत धुतो, बायको हसते.

आता कापलेला स्टार. एवढं सगळं माहीत असून नवीन आलेला माल सरळ विक्रीच्याच टँकमधे सोडतात, वेगळा ठेवत नाहीत. विचारलं तर म्हणे जागा नाही. अहो काका, मागं रिकामी खोकी ठेवलीत तिथं एक टँक बसतोय की.

कोरल अर्धाच उरलाय, पण परवा परत फुलला.