वाट पाहण्याच्या काळात स्तोत्रसंहिता: कशी वापरावी, कोणती प्रत घ्यावी

देवाकडे काही मागितलंय, उत्तर आलेलं नाही आणि कधी येईल ते कळत नाही. अशा दिवसांत मनाला विसावा मिळावा म्हणून बाजारात बरंच काही मिळतं: रोज एक वचन पाठवणारी ॲप, तीस दिवसांच्या प्रार्थना-वह्या, वचनांच्या चिठ्ठ्या भरलेल्या डब्या. या सगळ्यांपेक्षा स्तोत्रसंहितेची, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थना-गीतांच्या पुस्तकाची, छापील प्रत जास्त उपयोगी पडते. बाकीच्या वस्तू आश्वासनाची ओळ तेवढी उचलून हातात देतात. मन अजून तिथवर पोहोचलेलं नसतं, त्यामुळे ती ओळ वाचून आणखीच एकटं वाटतं. स्तोत्रं माणसाला आहे त्या मनःस्थितीत देवापुढे बसू देतात.

स्तोत्र १३ पाहा. सहाच वचनं, आणि त्यातल्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा येतो. स्तोत्र ८८ तर अठरा वचनं गाऱ्हाणं करतं आणि अंधारातच संपतं. शेवटी स्तुतीचं एकही वचन नाही. ही दोन्ही स्तोत्रं उपासनेच्या पुस्तकात आहेत, म्हणजे गाऱ्हाणं ही प्रार्थनाच आहे. विसावा मिळायला आधी तक्रार गिळावी लागते, हा समज इथेच गळून पडतो.

एकूण स्तोत्रं १५०, पाच भागांत विभागलेली. वाट पाहणाऱ्याने सुरुवातीला सगळी हाती घेऊ नयेत. १३, २७, ३७, ४०, ६२, ८८, १३० आणि १३१ एवढी पुरेत. यातलं एकच निवडायचं झालं तर ६२ निवडा.

या स्तोत्राची बांधणी नीट बघण्यासारखी आहे. पहिल्या वचनात भक्त सांगतो की माझा जीव देवापुढे शांत आहे. पाचव्या वचनात जवळजवळ तेच शब्द परत येतात, पण आता तो स्वतःच्या जिवाला बजावतोय: शांत राहा. मधल्या दोन वचनांत माणसांचा त्रास आहे. कलत्या भिंतीला ढकलावं तसे ते एकाच माणसावर तुटून पडतात, तोंडाने गोड बोलतात आणि मनात शाप देतात. एवढ्यात पहिली शांतता विस्कटते आणि ती पुन्हा धरावी लागते. दुसऱ्या खेपेला मात्र एक फरक पडलेला असतो. दुसऱ्या वचनात ‘मी फारसा ढळणार नाही’ असं आहे, सहाव्यात नुसतं ‘मी ढळणार नाही’. आठव्या वचनात तर लोकांना सांगितलंय की देवापुढे मन मोकळं करा. म्हणजे गप्प बसणं आणि मन ओतणं एकाच स्तोत्रात, काही ओळींच्या अंतरावर. शांतता एकदा मिळाली की टिकेलच असं हे स्तोत्र म्हणत नाही, आणि मला त्याचं मोल वाटतं ते म्हणूनच.

वापरायची पद्धत सोपी आहे, दहा-बारा मिनिटं लागतात. मोठ्याने वाचा, नुसती नजर फिरवली तर मन तिसऱ्या ओळीला आपल्या काळजीकडे वळतं. ६२ मध्ये चौथ्या आणि आठव्या वचनानंतर ‘सेला’ आहे. हा शब्द स्तोत्रांत ७१ वेळा येतो आणि तो थांब्याची खूण असावा असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिथे थांबाच, चार-पाच सावकाश श्वासांइतकं. पहिल्या थांब्यावर आपण कशाची वाट पाहतोय ते एका वाक्यात, आडवळण न घेता बोला: ‘तपासणीचा निकाल चांगला यावा’, ‘मूल व्हावं’, ‘मुलगा घरी परतावा’. दुसऱ्या थांब्यावर काहीच मागू नका. मग उरलेली वचनं वाचा आणि उठा. शांत वाटेपर्यंत बसून राहायचं नाही. वाटणं मोजायला लागलं की प्रार्थना स्वतःच एक परीक्षा होते, आणि तिचाही निकाल लागायची वाट पाहणं सुरू होतं. एकच स्तोत्र आठवडाभर ठेवलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी ओळी पाठ होतात आणि इस्पितळाच्या बाकावर किंवा रात्री जाग आल्यावर आपोआप तोंडात येतात. रोज नवीन स्तोत्र घेतलं तर हे होत नाही.

आता कुठे अडतं ते.

सगळ्यात जास्त गफलत होते ती स्तोत्र ३७ च्या चौथ्या वचनाची. देवाच्या ठायी आनंद कर म्हणजे तो तुझे मनोरथ पूर्ण करील, एवढं वचन कापून घेतलं की तो सौदा होतो: मी आनंदी राहिलो, आता दे. संपूर्ण स्तोत्र ४० वचनांचं आहे आणि पहिल्या आठ वचनांत ‘जळफळू नकोस’ हे तीनदा बजावलंय. सातव्या वचनात देवापुढे शांत राहून त्याची वाट पाहणं आणि दुसऱ्याची भरभराट बघून न जळणं हे एकत्रच येतं. वाट पाहण्यातलं निम्मं दुखणं तिथेच असतं: आपल्या मागून आलेल्याला आधी मिळालं. (तिथला भरभराटलेला माणूस दुष्ट आहे. आपल्या बाबतीत बहुधा सख्खी बहीण किंवा जिवलग मित्र असतो, तेव्हा तो शब्द त्यांना चिकटवू नये.)

दुसरी अडचण कौल लावण्याची. डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर धरायचं. स्तोत्रं ‘कधी’ आणि ‘हो की नाही’ सांगत नाहीत. नोकरी सोडावी का, हे स्थळ स्वीकारावं का, यासाठी ती बनलेली नाहीत. त्यासाठी माहिती काढा, जाणत्या माणसांशी बोला.

तिसरी, वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं हा समज. स्तोत्र १३० मधला पहारेकरी सकाळ उगवू शकत नाही, पण रात्रभर आपल्या जागेवर जागा असतो. त्याची उपमा सहाव्या वचनात लागोपाठ दोनदा येते. अर्ज भरणं, औषध घेणं, फोन करणं ही आपली जागा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर स्तोत्रासोबत डॉक्टरही गाठा, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. ८८ वे स्तोत्र त्या रात्री एकट्याने वाचू नका, कुणाला तरी शेजारी बसवा.

स्तोत्र ४० बद्दल आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर धक्का बसतो. सुरुवात सुटकेची आहे: धीराने वाट पाहिली, देवाने ऐकलं, खाचेतून वर काढलं. शेवटाकडे येताना मात्र पुन्हा धावा सुरू होतो आणि शेवटची विनंती ‘विलंब लावू नकोस’ अशी आहे. ही शेवटची पाच वचनं थोड्या फरकाने स्तोत्र ७० म्हणून वेगळीही आली आहेत. एक वाट संपलेल्या माणसाची दुसरी सुरू झालेली असते. ज्यांना एकदा उत्तर मिळालंय आणि आता पुन्हा थांबावं लागतंय, त्यांनी हेच घ्यावं.

वाट पाहणं वर्षाच्या पुढे गेलं तर मात्र निवडक स्तोत्रं सोडून महिन्याच्या क्रमाला लागावं. ख्रिस्ती संन्यासी बेनेडिक्टच्या मठ-नियमात १५० स्तोत्रं एका आठवड्यात म्हणायची आहेत. ते संसारी माणसाला झेपत नाही. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकात तीच ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटली आहेत: पहिल्या सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. पंधराव्या संध्याकाळी ७८ वे, ७२ वचनांचं. तेव्हा वेळ जास्त धरा. हा क्रम तारखेला बांधलेला असल्यामुळे आज जी तारीख तिथून सुरू करा, आणि दिवस चुकला तर तो सोडून द्या. थकबाकी भरायला गेलं की आठवड्यात पुस्तक बंद होतं. लांबलेल्या प्रतीक्षेत हा क्रम बरा, कारण तो आपल्या विषयातून बाहेर काढतो: राजासाठी प्रार्थना, सृष्टीची स्तुती, दुसऱ्यांची दुःखं. ज्याची जखम ताजी आहे त्याला तेच जड जातं.

प्रतीबद्दल. नव्या कराराला (बायबलच्या दुसऱ्या भागाला) जोडून स्तोत्रं असलेली खिशातली प्रत प्रवासाला चांगली, पण अक्षर बारीक असतं आणि दोन अरुंद रकान्यांत ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. हिब्रू कवितेत एक ओळ बोलते आणि दुसरी तिला साथ देते. ती जोडी दिसेल अशी, एका रकान्यात छापलेली प्रत घ्या. संपादकांनी घातलेले मथळे आणि मूळची शीर्षकं (‘दाविदाचे स्तोत्र’ वगैरे) वेगळी ओळखू यावीत. क्रमांकही तपासा: ग्रीक आणि लॅटिन परंपरेच्या काही आवृत्त्यांत मधल्या बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने कमी असतो, म्हणजे तिथे १३० हे १२९ म्हणून सापडेल.

फोनवरचं ॲप मी या कामासाठी सुचवत नाही. मजकूर तोच असतो. अडचण जागेची आहे. ज्या निरोपाची वाट पाहतोय तोही त्याच पडद्यावर येणार असतो. स्तोत्र उघडायला म्हणून फोन घेतला जातो आणि बोट आधी संदेशांकडे जातं. ज्यांना डोळ्यांमुळे छापील वाचता येत नाही त्यांनी ध्वनिमुद्रण ऐकावं, पण फोन विमान-मोडवर टाकून.

घरात दोघं मिळून एकाच गोष्टीची वाट पाहत असाल, तर १३१ वे आलटून-पालटून वाचा. तीनच वचनं आहेत. एकाने वचनाचा पहिला अर्धा भाग वाचायचा, एक श्वास थांबायचं, मग दुसऱ्याने पुढचा. दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव आहे, हे त्यातलं मधलं वचन. ते मूल आता दुधासाठी झोंबत नाही, तरी आईला सोडून गेलेलं नाही. त्या वचनानंतर दोघांनीही लगेच बोलू नये.